रशियातलं मुलांचं मेडिकल कार्ड कसं वाचायचं: नवीन आलेल्या मराठी आईबाबांसाठी

माझी मुलगी मॉस्कोत जन्मली. एक महिन्याची झाली की इथे सगळ्या बाळांची रूटीन तपासणी असते, त्यात न्यूरोलॉजिस्ट बाईंनी तिला शांतपणे पाहिलं, कार्डात चार ओळी लिहिल्या, तीन महिन्यांची झाली की परत आणा म्हणाल्या आणि आम्ही घरी आलो. रात्री त्या ओळी फोनवर भाषांतराला टाकल्या तर आलं "मध्यवर्ती मज्जासंस्थेची प्रसूतिकाळातली हानी". इथे अकरा वाजलेले, आईला फोन करावा तर तिकडे दीड, नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, मी आणि बाळ दोघीच. ती रात्र मी विसरणार नाही. सकाळी धावत गेले तेव्हा बाईंनी नीट सांगितलं की रडताना हनुवटी थरथरते, हातपाय जरा ताठ धरते, या वयात बऱ्याच बाळांचं असं असतं, लक्ष ठेवायचं म्हणून लिहून ठेवलंय, मसाज करा.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते, नुसतं शब्दाचं भाषांतर करून थांबू नका, त्या शब्दामागे डॉक्टरांनी नेमकं काय बघितलं ते शोधा. रशियन कार्डात साध्या गोष्टीला भयंकर नाव असतं आणि कधी कधी खरंच गंभीर गोष्ट तीन अक्षरांत लपलेली असते. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची कार्डं वाचत वाचत शिकलेली आई आहे, त्यामुळे हे वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका, डॉक्टरांना काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

आधी हातात कुठलं कार्ड आहे ते बघा

वर कोपऱ्यात नंबर असतो. ११२/ऊ म्हणजे मुलांच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे पलीक्लीनिकात, राहणारी जाड वही, जन्मापासूनच्या सगळ्या नोंदी त्यात. ०२६/ऊ म्हणजे सादिक (इथली बालवाडी) आणि शाळेसाठीचं कार्ड, सगळ्या स्पेशालिस्टचे शिक्के लागतात ते हेच. ०६३/ऊ लसींचं कार्ड, १५६/ऊ-९३ लसींचं सर्टिफिकेट जे तुमच्याकडे राहतं. आणि ०२७/ऊ म्हणजे विपिस्का, थोडक्यात सगळा इतिहास एका-दोन पानांत. नवीन माणसाने विपिस्कापासून सुरुवात करावी, ती बहुतेक वेळा टाइप केलेली असते आणि निदान शेवटी एका जागी सापडतं.

अक्षरं आणि उच्चार, इथे एक संध्याकाळ घालवा

छापील अक्षरात बी दिसतं ते व, एच दिसतं ते न, पी दिसतं ते र, सी दिसतं ते स, एक्स दिसतं ते ख, वाय दिसतं ते ऊ. डॉक्टर हाताने लिहितात तेव्हा अजून गोंधळ, त हे इंग्रजी एमसारखं दिसतं, ई हे यूसारखं, द हे जीसारखं आणि प हे एनसारखं. एवढं पाठ केलं की अर्धा ताण जातो खरंच.

मग उच्चाराची किल्ली. रशियनमध्ये आपला ह नाही, त्याच्या जागी बऱ्याचदा ग येतो. गेमोग्लोबीन म्हणजे हिमोग्लोबिन, गेपातीत म्हणजे हेपटायटिस, गिपेर म्हणजे हायपर, गिपो म्हणजे हायपो (ही शेवटची दोन हाताने लिहिली की जवळजवळ सारखीच दिसतात आणि अर्थ अगदी उलटे, तिथे डोळे फाडून बघा). शेवटी ईत आलं की सूज किंवा इन्फेक्शन, जसं ब्रोंखीत, रिनीत, अतीत, देर्मातीत. ख्रोनीचेस्की म्हणजे क्रॉनिक. मोठ्याने वाचून बघा, वैद्यकीय शब्द बरेचसे लॅटिन-ग्रीकच आहेत, कानाला ओळखीचे वाटतात.

पण ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द खरा नसतो. अंगीना म्हणजे टॉन्सिल्सचं इन्फेक्शन, हृदयाशी काही संबंध नाही. तान्ह्या बाळाच्या कार्डातला गिपेर्तेन्झिओन्नी सिंद्रोम म्हणजे बीपी नाही, डोक्यातला दाब वाढल्याचा संशय. दिआतेझ म्हणजे डायबेटिस अजिबात नाही, बाळाच्या गालावर लाल चट्टे उठतात त्याला जुन्या पद्धतीने म्हणतात.

रोजच्या तपासणीची ओळ

ही ओळ सगळ्या कार्डात जवळजवळ तशीच असते, एकदा शिकलात की पुढची पन्नास पानं झरझर वाचाल.

"झालब न्येत" म्हणजे तक्रार नाही. मग सस्तायानिये, म्हणजे एकूण तब्येत, आणि इथे नवीन माणूस हमखास अडकतो. उदव्लेत्वरीतेल्नये याचं भाषांतर "समाधानकारक" येतं आणि आपल्याला वाटतं म्हणजे कसंबसं पास, पण कार्डाच्या भाषेत हीच चांगली स्थिती. त्याखाली स्रेद्नेइ त्याझस्ती म्हणजे मध्यम गंभीर आणि त्याझ्योलये म्हणजे गंभीर.

झेव म्हणजे घसा, स्पकोएन लिहिलं तर ठीक, गिपेरेमीरोवान लिहिलं तर लाल. फुप्फुसांपुढे पुएरील्नये लिहिलं तर घाबरू नका, लहान मुलांच्या श्वासाचा तोच नॉर्मल आवाज, झोस्त्कये म्हणजे खरखरीत, ख्रीपव न्येत म्हणजे छातीत घरघर नाही. हृदयाचे ठोके यास्निये, रित्मीच्निये म्हणजे स्पष्ट आणि नियमित. झिवोत म्याखकी म्हणजे पोट मऊ. यकृत अधिक १ सेंटिमीटर असं लिहिलेलं बघून माझ्या मैत्रिणीला धडकी भरलेली, पण लहान मुलांचं यकृत बरगडीखाली थोडं लागतंच. रद्नीचोक म्हणजे टाळू, शब्दाचा खरा अर्थ छोटासा झरा, मला हा शब्द फार आवडतो, त्यापुढे १,५ × १,५ असं माप असतं. लक्षात घ्या, इथे दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात, ताप ३६,६ म्हणजे ३६.६.

"बे तिरकी रेघ ओ" दिसलं तर बेझ असोबेन्नस्तेई, म्हणजे विशेष काही नाही. ओत्र म्हणजे निगेटिव्ह. प्राक्तीचेस्की झ्दारोव, मुलगी असेल तर झ्दारोवा, याचं भाषांतर "जवळजवळ निरोगी" येतं, म्हणजे काहीतरी कमी आहे असं वाटतं, पण हा ठरलेला शब्दप्रयोग आहे, मूल निरोगी आहे एवढंच.

जन्माच्या पानावर "दुसऱ्या गरोदरपणातलं, पहिल्या बाळंतपणातलं मूल" असं लिहितात, वजन ग्रॅममध्ये, मग आपगार ८/९ म्हणजे जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाची तब्येत बघून दिलेले मार्क. "स २ मेस" म्हणजे दोन महिन्यांपासून, जसं मान कधीपासून धरायला लागलं ते असं लिहितात. अत्रित्साएत म्हणजे "नाकारते", घरात टीबी आहे का विचारलं, नाही म्हणालात की हेच लिहितात, तुमच्यावर अविश्वास दाखवलाय असं काही नाही. आलेर्गआनाम्नेझ नि अत्यगश्च्योन म्हणजे अ‍ॅलर्जीचा इतिहास नाही.

न्यूरोलॉजिस्टचं पान, इथे घाई करू नका

माझी रात्र ज्याने खाल्ली तो शब्द पे-पे-त्से-एन-एस. त्याचाच जुना भाऊ पे-ए-पे, म्हणजे पेरिनाताल्नाया एन्त्सेफालोपातिया, जन्माच्या आसपास झालेला मेंदूचा विकार. सोव्हिएत काळापासून ही नावं फार सढळ हाताने दिली जायची, थरथर, जास्त रडणं, झोप कमी, स्नायू ताठ किंवा सैल, सगळं याच टोपलीत. एमकेबी-१०, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीची रशियन आवृत्ती, त्यात पे-ए-पे या नावाचं निदान नाहीच आणि इथलेच बरेच डॉक्टर आता ते वापरू नका म्हणतात, तरी कार्डात अजून सापडतं.

मग वाचायचं कसं? त्या मोठ्या नावानंतर सिंद्रोम लिहिलेला असतो, खरी माहिती तिथे. मिशेच्नाया दिस्तोनिया म्हणजे स्नायूंचा ताण कमीजास्त, गिपेर्तोनुस म्हणजे जास्त, गिपोतोनुस म्हणजे कमी. त्रेमोर पदबरोद्का म्हणजे हनुवटीची थरथर. मग एन-एस-गे बघा, टाळूतून केलेली मेंदूची सोनोग्राफी, ती नॉर्मल असेल तर मन बरंच हलकं होतं. आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा, तुम्हाला तपासताना काय दिसलं, यातून पुढे काय होऊ शकतं, परत कधी आणि कशासाठी बघणार. औषध लिहिलं असेल तर चौथा, हे नेमकं कशासाठी. इथले न्यूरोलॉजिस्ट लहान मुलांना नूट्रॉपिक औषधं, म्हणजे मेंदूचं काम सुधारावं म्हणून देतात ती, बऱ्यापैकी लिहितात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लाजू नका.

पण याची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची. रशियात सगळंच वाढवून लिहितात असं ऐकून कार्ड मिटून ठेवणारे आईबाबाही मी पाहिलेत. सूदरगी म्हणजे झटके, दे-त्से-पे म्हणजे सेरेब्रल पाल्सी आणि त्याआधी उग्रोझा लिहिलं तर त्याचा धोका, वे-झे-का म्हणजे मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत रक्तस्राव, आस्फिक्सिया त्याझ्योलाया म्हणजे जन्मताना प्राणवायू खूप कमी पडला. यातलं काहीही दिसलं तर तारखांसकट कागद घेऊन चांगल्या बालन्यूरोलॉजिस्टकडे जा, शक्य तितक्या लवकर.

थोड्या मोठ्या मुलांच्या कार्डात झे-एर-एर म्हणजे बोलायला उशीर, झे-पे-एर म्हणजे मानसिक वाढीत उशीर, ओ-एन-एर म्हणजे भाषेची एकूण वाढ कमी. ओ-एन-एरला रोमन आकडे असतात आणि ते उलटे चालतात, १ म्हणजे जवळजवळ बोलतच नाही आणि वरचा आकडा म्हणजे किरकोळ अडचण. इथे मला मनापासून सांगायचंय, घरी मराठी बोलणारं मूल सादिकमध्ये रशियन बोलत नाही म्हणून कुणी झे-एर-एर लिहीत असेल तर लगापेद, म्हणजे स्पीच थेरपिस्टला, स्पष्ट सांगा की मूल मराठीत किती बोलतं, किती शब्दांची वाक्यं करतं, गोष्ट सांगतं का. दोन भाषांतलं मूल दोन्ही भाषांत मोजायला हवं.

हृदय आणि बाकीचे

ओ-ओ-ओ म्हणजे "उघडी लंबगोल खिडकी", पोटात असताना हृदयात असणारं छोटं छिद्र अजून मिटलं नाही, तान्ह्या बाळात अगदी नेहमीचं, मोठ्या माणसांतही साधारण चारातल्या एकाला राहतं. दे-ख-एल-झे म्हणजे हृदयात एक जादाचा तंतू, त्याने आवाज येतो, सहसा त्रास नाही. हे सगळं मार्स या नावाखाली, म्हणजे छोटे फरक. पण वे-पे-एस लिहिलं असेल तर तो जन्मजात हृदयदोष, ते वेगळं प्रकरण, कार्डिऑलॉजिस्टकडे जायचंच.

डोळ्यांच्या पानावर १,० म्हणजे आपलं ६/६, ०,५ म्हणजे ६/१२. छोट्या मुलाला थोडी गिपेर्मेत्रोपिया, म्हणजे प्लस नंबर, वयानुसार असते. चे-बे-दे म्हणजे "वारंवार आजारी पडणारं मूल", सादिकच्या पहिल्या हिवाळ्यात कितीतरी मुलांना मिळतं. दिस्बाक्तेरिओझ एमकेबीत आजार म्हणून नाहीच, पोट बिघडलंय एवढं समजा आणि नक्की काय झालंय ते विचारा. ऑर्वी म्हणजे सर्दी-खोकल्याचं व्हायरल, कोड जे ०६.९.

हा कोड फार कामाचा. निदानाशेजारी असा कोड असेल तर भारतातल्या तुमच्या डॉक्टरांना नुसता कोड पाठवा, भाषा आडवी येत नाही.

लसी: आपलं भारतातलं कार्ड आणि त्यांचं कार्ड

भारतातून मूल घेऊन आलात तर सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. बेत्सेझे म्हणजे बीसीजी, आकादेएस म्हणजे डीपीटी, ओपेवे तोंडावाटे पोलिओ, ईपेवे इंजेक्शनचा पोलिओ, व्ही१ व्ही२ व्ही३ म्हणजे मूळ डोस आणि पुढे आर लागला की बूस्टर. कोर म्हणजे गोवर, क्रस्नूखा रुबेला, परोतीत किंवा स्वीन्का गालगुंड, कक्ल्यूश डांग्या खोकला, वेत्र्यान्का कांजिण्या.

आपल्या कार्डात नुसतं पेन्टाव्हॅलंट लिहिलेलं असतं ते इथल्या नर्सला लगेच कळेलच असं नाही. त्यामुळे एका कागदावर तारखेनुसार फोडून लिहा: घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, हेपटायटिस बी, हिब, हे पाचही त्या एका सुईत होते. आपल्याकडे ते ६, १०, १४ आठवड्यांना, इथे आकादेएस ३, साडेचार आणि ६ महिन्यांना, त्यामुळे नर्स म्हणेल वेळापत्रक वेगळं आहे, शांतपणे तारखा दाखवा. दुसरी अडचण, आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेला देतात, त्यात गालगुंड नाही, इथे तिन्ही एकत्र १२ महिन्यांना आणि ६ वर्षांना. म्हणजे परोतीतची जागा रिकामी दिसणार आणि ती लस घ्यायला सांगणार. ९ महिन्यांचा गोवरचा डोस धरतात का हेही तिथेच विचारून घ्या. काही ठिकाणी नोटरीकडून केलेलं भाषांतर मागतात, निघण्याआधी भारतातच कार्डाचे नीट स्कॅन काढून ठेवा.

मेदअत्वोद म्हणजे डॉक्टरांनी ठराविक काळापुरती लस थांबवली, कायमची नाही.

मांतू म्हणजे टीबीची त्वचेवरची टेस्ट, मुलं तिला पूगोव्का म्हणतात, म्हणजे शर्टाचं बटण. ७२ तासांनी मोजतात. पापुला म्हणजे फुगवटा, ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह, २ ते ४ किंवा नुसती लाली असेल तर संशयास्पद. बीसीजी घेतलेल्या मुलात पॉझिटिव्ह येणं अगदी शक्य आहे, त्याने टीबी झाला असं ठरत नाही, पण ते फ्तिझिआत्रकडे, म्हणजे टीबीच्या डॉक्टरांकडे पाठवतील आणि जायला हवं. तिथे दिआस्किनतेस्त करतात, त्यातली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे लसीचा परिणाम आणि खरा संसर्ग वेगळा ओळखता येतो. विराझ लिहिलं असेल तर टेस्ट यंदा नव्याने पॉझिटिव्ह झाली किंवा एकदम वाढली, ते हलक्यात घेऊ नका.

रक्ताचे रिपोर्ट

ओआका म्हणजे रक्ताची साधी तपासणी, ओआएम म्हणजे लघवीची. गेमोग्लोबीन ११८ बघून दचकू नका, इथे लिटरमागे मोजतात, दहाने भागा, ११.८. साखर ४,६ दिसली तर १८ ने गुणा, साधारण ८३. बिलिरुबीन १७ ने भागलं की आपला आकडा. सोए म्हणजे ईएसआर. रक्तगट रोमन आकड्यात, पहिला म्हणजे ओ, दुसरा ए, तिसरा बी, चौथा एबी, हे मात्र घरातल्या सगळ्यांनी पाठ ठेवा. या ग्लीस्त म्हणजे जंतांची अंडी, सादिकसाठी ही तपासणी लागते.

ग्रुप आणि दाखले

कार्डाच्या शेवटी रोमन आकड्यात ग्रूपा झ्दारोव्या असतो. १ पूर्ण निरोगी, २ किरकोळ काही किंवा धोका, ३ जुना आजार पण आटोक्यात, ४ आजार पूर्ण आटोक्यात नाही, ५ गंभीर किंवा अपंगत्व. खूप मुलांचा २ असतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. व्यायामाच्या तासाचा ग्रुप वेगळा असतो, अस्नव्नाया म्हणजे सगळं चालेल, पदगतवीतेल्नाया म्हणजे जरा जपून. दोन्ही एकमेकांत मिसळू नका.

सादिकच्या दाखल्यावर "वेत्र्यान्काचा कन्ताक्त" लिहिलं तर मूल आजारी नाही, वर्गात कुणाला तरी कांजिण्या आल्या आणि २१ दिवस करान्तीन. रेकन्वालेस्त्सेन्त म्हणजे आजारातून उठलेलं मूल. औषधांत वे-एम म्हणजे स्नायूत, वे-वे म्हणजे शिरेत, पे-का म्हणजे त्वचेखाली.

कागद मागून घ्या

२०११ च्या ३२३ नंबरच्या आरोग्य कायद्यात, कलम २२ मध्ये, आईबाबांना मुलाचे मेडिकल कागद बघायचा आणि प्रती घ्यायचा हक्क आहे, त्यामुळे काउंटरवर ठामपणे आणि गोड बोलून मागा. मॉस्कोत एमिआसमध्ये, म्हणजे शहराच्या सरकारी ऑनलाइन आरोग्य सेवेत, मुलाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बघता येतं, तिथला मजकूर कॉपी होतो, हस्ताक्षराची कटकट नाही. बाकी शहरांत, कझान, कुर्स्क, त्वेर अशा ठिकाणी, मेडिकलला शिकणारी आपली मराठी मुलं-मुली असतात, चौथ्या-पाचव्या वर्षाच्यांना वॉर्डातली असली अक्षरं वाचायची सवय असते, एखादी ओळ लागत नसेल तर विचारा, मला एका ताईने अशीच दोन पानं लावून दिली होती.

आणि एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. जुनं निदान आपोआप पुसलं जात नाही. मूल दे उचोतवर, म्हणजे नियमित नजरेखाली, असेल आणि नंतर बरं झालं तर डॉक्टरांनी "स्न्यात स उचोता" असं तारखेसह लिहायला हवं, मुलगी असेल तर "स्न्याता". नाहीतर एक महिन्याच्या वयातला तो मोठा शब्द ११२ मधून ०२६ मध्ये आणि तिथून शाळेपर्यंत जातो. माझ्या मुलीच्या एक वर्षाच्या तपासणीत बाई लिहायला विसरल्या होत्या, मी दारातून परत वळले, त्यांना पान दाखवलं, त्यांनी लगेच लिहून शिक्का मारला. तुम्हीही खोलीतून बाहेर पडायच्या आधी ते पान उघडून बघा.